चोराचा जीव आणि आपला माल



कापूस वेचणीचे दिवस शेतकऱ्याच्या आनंदाचे असतात, तसेच जागरणाचेही असतात. शेतात फुटलेला कापूस, विहिरीवरची मोटर, गोठ्यातल्या शेळ्या, घरात भरून ठेवलेले सोयाबीन, यांच्या काळजीने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एका बाजूने रानडुकरे, दुसऱ्या बाजूने चोर. अशा दिवसांत मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "फादर, चोर आला आणि आमच्या हातून मेला, तर पाप लागते का? कायदा काय म्हणतो?"

हा प्रश्न विचारणारे लोक वाईट नाहीत. कर्ज काढून पेरलेले, उन्हातान्हात राखलेले पीक कोणी एका रात्रीत उचलून नेले, तर रक्त तापणारच. म्हणून या प्रश्नाला "ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी" एवढे एका ओळीचे उत्तर देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आधी कायदा पाहू, मग पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेची शिकवण पाहू, आणि शेवटी आपल्या शेताच्या बांधावर येऊ.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात १८६० सालची भारतीय दंड संहिता दीडशेहून अधिक वर्षे चालली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे व मालाचे रक्षण करण्याचा हक्क जुन्या कायद्यात होता, नव्यातही आहे. कलम ३४ ते ४४ मध्ये तो सांगितला आहे. चोर पाहून हात बांधून उभे राहा, असे कायदा म्हणत नाही. त्याला अडवा, ढकला, माल हिसकावून घ्या, गरज पडली तर बळ वापरा, एवढी मुभा आहे.

पण माल वाचवताना समोरच्याचा जीव जाईल इथपर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो? त्यासाठी कलम ४१ मध्ये चारच प्रसंग दिले आहेत. पहिला, जबरी चोरी, म्हणजे मारहाण करून किंवा धाक घालून लुटणे. दुसरा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी. तिसरा, माणूस राहतो त्या किंवा माल साठवतात त्या घराला, तंबूला, नावेला आग लावणे किंवा ते स्फोटकाने उडवणे. चौथा, अशी चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी, की आपण आवरले नाही तर कोणाचा जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल, अशी भीती वाटण्याला खरोखर कारण आहे.

हे चार प्रसंग नीट वाचले म्हणजे लक्षात येईल, की प्रत्येकात मालाच्या पलीकडे माणसाच्या जिवाचा धोका उभा आहे. साधी चोरी या यादीत नाही. उघड्या शेतातून कापसाचे गाठोडे उचलणारा, मोटर सोडवून नेणारा, शेळी ओढून नेणारा माणूस गुन्हेगार आहे. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्याच्या हातात हत्यार नसेल आणि तो आपल्या जिवावर उठला नसेल, तर त्याला ठार करण्याचा हक्क मालकाला नाही. कलम ४२ स्पष्ट सांगते, की अशा वेळी जीव घेण्याखेरीज इतर इजेपुरताच हक्क आहे.

आणखी दोन मर्यादा आहेत. कलम ३७ सांगते, की रक्षणासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच राहत नाही. कलम ४३ सांगते, की चोर माल घेऊन निसटला, किंवा माल परत हाती आला, किंवा पोलीस आले, की हक्क संपला. पळणाऱ्या चोराच्या हातून गाठोडे पडले, तरी त्याला गाठून डोक्यात कुऱ्हाड घातली, तर ते रक्षण नव्हे. कायदा त्याला खून किंवा सदोष मनुष्यवध म्हणेल. मग शेत राहील, पण शेतकरी तुरुंगात जाईल.

रात्र आणि सूर्योदय

बंधुभगिनींनो, रात्रीच्या घरफोडीचा हा नियम आपल्याला नवा नाही. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी मोशेच्या नियमशास्त्रात हाच भेद केलेला आहे. रात्री घर फोडताना चोर सापडला आणि मार लागून मेला, तर घरमालकावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर त्याला मारले, तर दोष आहे. जो चोर सापडेल त्याने भरपाई करावी, आणि जवळ काहीच नसेल तर त्याला विकून चोरीची रक्कम वसूल करावी, असेही तिथे म्हटले आहे. नियम कठोर आहे, पण त्यात चोरीची किंमत मरण नाही.

रात्र आणि दिवस यांत एवढा फरक का? चोरी तर तीच. माल तोच. पण रात्री अंधारात कोणी भिंत फोडून आत आला, तर तो माल न्यायला आला की गळा दाबायला आला, हे घरात झोपलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. पोरेबाळे जवळ असतात. म्हणून त्याच्या घाबरलेल्या हाताला शास्त्र दोष देत नाही. सूर्य उगवला, चेहरा दिसला, हातात काय आहे ते दिसले, हाक मारली तर शेजारी येतील हे कळले, की ती सवलत संपते. इतक्या जुन्या त्या नियमाचा आणि आजच्या कायद्याचा गाभा एकच आहे. भीती खरी असेल तिथे सूट आहे, रागाला सूट नाही.

ख्रिस्तसभेचे चिंतन

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाचा खोल विचार केला. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, असे ते म्हणतात. हल्लेखोरापासून स्वतःला वाचवताना त्याचा जीव गेला, तर आपला हेतू वाचण्याचा होता, मारण्याचा नव्हता. म्हणून तो दोष नव्हे. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर तेच कृत्य अयोग्य ठरते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही, २२६३ आणि पुढच्या परिच्छेदांत, याच विचाराचा आधार घेतला आहे. ही शिकवण स्वतःचा जीव राखणाऱ्याला दोषी धरत नाही आणि दुसऱ्यांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला रक्षण हे कर्तव्य म्हणून सांगते. मात्र मोजमाप सुटू देत नाही.

या इतिहासात एक लहानशी पण फार बोलकी घटना आहे. सतराव्या शतकात युरोपातले काही पंडित पापाच्या प्रश्नांवर सैल सल्ले देऊ लागले होते. "एक सोन्याचे नाणे वाचवण्यासाठी चोराला ठार करणे सर्वसाधारणपणे चालते" असेही एक मत त्यांत होते. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांच्या कारकिर्दीत रोमने असल्या पासष्ट मतांचा निषेध केला. त्या यादीत हे मत एकतिसावे आहे.

आता सोन्याच्या नाण्याऐवजी कापसाचे गाठोडे ठेवा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. २५ किलोचे गाठोडे धरले, तर साधारण दोन हजार रुपये झाले. या दोन हजारांसाठी माणूस मारावा काय, असे शांतपणे विचारले तर आपल्यापैकी एकही जण होय म्हणणार नाही. पण मध्यरात्री हातात काठी असताना हा हिशोब कोणी करत नाही. म्हणून तो आज, उजेडात करून ठेवला पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, "फादर, तो नुसता माल नाही. त्यात आमचे वर्ष आहे. कर्जाचा हप्ता आहे, मुलीची फी आहे. माल नेणारा आमचे आयुष्यच नेतो." हे म्हणणे खोटे नाही. विदर्भात पीक हातचे गेले म्हणून किती घरांचे कर्ते पुरुष गेले, ते आपण पाहिले आहे. गरिबाची चोरी ही श्रीमंताच्या चोरीपेक्षा मोठी असते, हे आम्ही मान्य करतो. तरीही एक फरक उरतोच. गेलेले पीक पुढच्या मृगात पुन्हा पेरता येते. गेलेल्या मालाची भरपाई थोडी चोराकडून, थोडी सरकारकडून, थोडी शेजाऱ्यांकडून होऊ शकते. गेलेल्या जिवाची भरपाई करायला कोणाकडे काही नाही. आपण मुलांना दहा आज्ञा शिकवतो तेव्हा खून करू नकोस ही पाचवी येते आणि चोरी करू नकोस ही सातवी. चोराने सातवी मोडली म्हणून आपली पाचवी सुटत नाही.

तार कोणाला ओळखत नाही

आता आपल्या बांधावर येऊ. आमचा आजचा मुख्य मुद्दा इथे आहे. आपल्या भागात चोरावर बंदूक चालवणारा सहसा कोणी नाही. पण शेताभोवती उघडी तार ओढून तिच्यात रात्री वीज सोडणारे आहेत. तार डुकरासाठी असते असे म्हणतात. काही जण हळूच "चोरही बसेल धाकात" असेही म्हणतात.

अशा तारांनी चंद्रपूर जिल्ह्यात डुकरे मेली, वाघ मेले, माणसेही मेली. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात गळ्यात रेडिओ कॉलर असलेला 'श्रीनिवास' नावाचा वाघ शेताच्या वीजतारेला लागून मेला. वाघासाठी कोणी तार लावत नाही. पण तारेला डुक्कर आणि वाघ यांतला भेद कळत नाही. चोर कोण आणि पहाटे मोहफुले वेचायला निघालेली बाई कोण, हेही तिला कळत नाही. पाणी द्यायला आलेला शेजारी, वासरू शोधत आलेले पोर, तार बंद केली की नाही हे विसरलेला खुद्द मालक, सगळे तिला सारखेच.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ सालचा एक निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. चेरुबीन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य असे त्या खटल्याचे नाव. शेजारच्या घरातल्या शौचकूपाची भिंत पडली, म्हणून तिथली माणसे आरोपीच्या शौचकूपात येऊ लागली. त्याने मनाई केली, तरी येणे थांबेना. मग त्याने वाटेवर वीज खेळणारी उघडी तार लावली. एक शेजारीण तिला लागून मेली. मी माझ्या जागेचे रक्षण करत होतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. कोणी परवानगीशिवाय आत आला म्हणून तो कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही आणि त्याच्या मरणाचा सापळा रचण्याचा हक्क मालकाला मिळत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. ती बाई काही चोरायला आली नव्हती. तिच्या घरची भिंत पडली होती, एवढेच.

संत थॉमस यांनी सांगितलेल्या कसोटीवर ही तार घासून पाहा. रात्री घरात शिरलेल्याला मारणारा माणूस निदान घाबरलेला असतो, समोर कोणीतरी असतो, शेवटच्या क्षणी हात आखडता घेता येतो. तार लावणारा दिवसाउजेडी, शांत डोक्याने, कोण येणार ते माहीत नसताना, येईल त्याचे मरण मांडून ठेवतो आणि घरी जाऊन झोपतो. मोशेच्या नियमातली रात्रीची सूट त्याला कशी मिळणार? त्याने तर सूर्य डोक्यावर असताना तार ओढली.

आणखी एक गोष्ट. ही वीज पुष्कळदा खांबावर आकडा टाकून घेतलेली असते. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तीही चोरीच आहे. चोर येऊ नये म्हणून चोरीची वीज लावायची, हा कुठला न्याय?

चोर कोणाला म्हणायचे?

माल राखण्याच्या नावाखाली दुसरे एक पाप घडते. ते एकट्याच्या हातून घडत नाही, जमावाच्या हातून घडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ चोर आल्याच्या अफवांनी बिथरलेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला मारले. आठही जण निर्दोष होते. त्यांना मारणाऱ्यांना मात्र आपण गाव राखतो आहोत असेच वाटत होते.

अफवा नेहमी अनोळखी आणि गरीब माणसाच्या अंगावर जाऊन बसते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. पण पारध्याचे पाल गावाबाहेर पडले, की आपल्या मनातला शिक्का अजून वर येतो. कोणाचा पोशाख, कोणाची बोली, कोणाची जात पाहून "हाच तो" म्हणण्याआधी आपण थांबलो पाहिजे. ख्रिस्ती माणसाने तर जास्तच थांबले पाहिजे, कारण आपल्या प्रभूलाही जमावानेच ओरडून वधस्तंभावर पाठवले.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, ज्यांच्या शेताला वीज सोडलेली तार आहे, त्यांनी ती आज उतरवावी. पुढच्या रविवारची वाट पाहू नये. डुकरांसाठी सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते बाजारात मिळते. नीट बसवलेले असले तर ते झटका देते, जीव घेत नाही. त्याला थेट लाइनची वीज मात्र कधीही जोडू नये. जंगलालगतच्या गावांसाठी सौर कुंपणाला सरकारी अनुदानाची योजना आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. कागदपत्रांना वेळ लागतो हे खरे, पण ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी निःसंकोच चर्चमध्ये यावे. आपले युवक लिहून देतील.

दुसरी गोष्ट, एकट्याने काठी घेऊन अंधारात बसू नये. एकट्या माणसाला भीती लवकर वाटते आणि घाबरलेला हात जोरात पडतो. चार-पाच घरांनी पाळीपाळीने जागल करावी. बॅटरी आणि शिट्टी बरोबर ठेवावी. संशय आला तर ११२ वर फोन करावा.

तिसरी गोष्ट, चोर सापडलाच तर त्याला धरून ठेवावे, झाडाला बांधून मारू नये. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचा हा नियम आहे. त्या वेळात त्याला पाणी विचारले, तर आपले काही कमी होणार नाही.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांसाठी आहे. ज्याची चोरी झाली त्याच्या घरी आपण जातो का? मयत झाली तर सारी वस्ती जमते. चोरी झाली तर मात्र "पोलिसात दिली का?" एवढे विचारून आपण पुढे जातो. यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या माणसाजवळून याजक आणि लेवी असेच पुढे गेले होते. शोमरोनी माणूस थांबला, त्याने जखमा बांधल्या, पदरचे पैसे दिले. चोराचा जीव घेऊ नकोस असे आपण शेतकऱ्याला सांगतो, तर त्याचे नुकसान वाटून घेण्याची तयारीही आपणच दाखवली पाहिजे. नाहीतर आपला उपदेश फुकटचा आहे. ज्याला आपल्यामागे माणसे आहेत हे ठाऊक असते, त्याला तारेची गरज कमी वाटते.

शेवटी, चोराचाही विचार करू. जक्कयने लोकांचे घेतलेले चौपट परत केले, कारण प्रभू त्याच्या घरी जेवायला गेला. कालवारीवर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. आयुष्याचे शेवटचे काही तास त्याला मिळाले, म्हणून तो पश्चात्ताप करू शकला. आपल्या शेतात रात्री मेलेल्या माणसाला ते तास आपण ठेवत नाही. चोराला पकडा, न्यायालयात उभे करा, भरपाई मागा. पण त्याचा उद्याचा दिवस देवाच्या हाती राहू द्या.

हे प्रभो, आमच्या शेतांवर, गोठ्यांवर आणि घरांवर तुझी राखण असू दे. जे रात्री जागतात त्यांना धीर दे. जे चोरीला निघतात त्यांना वाटेतून माघारी वळव. आमच्या हातून कोणाचे रक्त सांडू देऊ नकोस. आमेन.

आपले धर्मगुरू